आढळून येत नाही

(दृश्य: तहसील कचेरीची मागची बाजू. लोखंडी दार. कुलूप उघडल्याचा आवाज.)

या दारामागं एका तालुक्याचं दप्तर आहे. कुणाची जमीन कुणाकडं गेली, कुणाच्या घरी पाळणा हलला, पटकीच्या साथीत कोण दगावलं, हे सगळं इथं लिहून ठेवलेलं आहे. दार उघडलं की आधी वास येतो: जुन्या कागदाचा, डांबराच्या गोळ्यांचा, ओल धरलेल्या भिंतींचा. मग डोळे अंधाराला सरावतात आणि गठ्ठे दिसू लागतात. लाल कापडात बांधलेले, खालपासून छतापर्यंत रचलेले. या कापडाला महसूल खात्यात रुमाल म्हणतात. शब्द जुना आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदही असेच रुमालांत बांधलेले आहेत.

मी या खोलीत पहिल्यांदा आलो तो चित्रीकरणासाठी नाही. भाचीचं काम होतं.

ती बारावी सायन्सला होती. फार्मसीला जायचं मनात होतं. इतर मागासवर्गाच्या जागेवर प्रवेश हवा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आणि वैधतेसाठी लागतो पुरावा. कधीचा? इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत या तारखा पाठ आहेत. पोरांच्या वाढदिवसासारख्या पाठ आहेत.

भाचीच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला सत्तरच्या दशकातला. म्हणजे तारखेच्या अलीकडचा. आजोबांचा असता तर चाललं असतं, पण आजोबा शाळेची पायरी कधी चढलेच नाहीत. जमीन नव्हती, त्यामुळं जुन्या फेरफारात नाव असण्याचा प्रश्न नाही. राहिला एकच कागद. त्यांच्या जन्माची नोंद.

(दृश्य: जुन्या वहीचं पान, जवळून. फिकट तपकिरी शाई, आडव्या ओळी.)

ही ती वही. कागदोपत्री नाव गाव नमुना चौदा. गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल ठेवायचा, म्हणून लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यूच्या पानावर रोगाचं नाव: ताप, देवी, पटकी. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बारसं व्हायच्या आत नोंद होते, नाव कुठून असणार? त्यामुळं आजोबांची नोंद शोधायची तर पणजोबांच्या नावानं शोधायची. तीही आडनावाशिवाय, रामा बिन लक्षुमण अशा घाटाची.

जुनी पानं मोडीत आहेत. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ मारायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, हात उचलायचा नाही. झरझर लिहायला फार सोयीची लिपी. वाचायला मात्र सरावलेला डोळा लागतो, आणि तसे डोळे आता तालुक्यात एखाददुसरेच उरलेत.

आम्ही अर्ज केला. कोर्ट फी स्टॅम्प लावला, पोच घेतली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एका ओळीचं.

“सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.”

ही ओळ महाराष्ट्रात किती घरांनी वाचली असेल! तिच्यात ‘नोंद नाही’ असं म्हटलेलं नाही. ‘वही नाही’ असंही म्हटलेलं नाही. ‘आढळून येत नाही’ एवढंच. कुणी शोधली, कुठं शोधली, किती वेळ शोधली, याचा त्या ओळीत पत्ता नाही. कागद नसणं आणि कागद न सापडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन्हींचं उत्तर एकच मिळतं. हे मला मान्य नाही. म्हणून हा माहितीपट.

कायदा काय म्हणतो ते बघा. जातीच्या दाखल्यांसाठी आपल्या राज्याचा २००० सालचा कायदा आहे. त्याचं कलम ८ सांगतं की जात सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीची. आणि ज्या कागदानं ते सिद्ध होईल, तो सरकारच्या खोलीत, सरकारच्या कुलपात. पुरावा तिनं द्यायचा, किल्ली दुसऱ्याकडं.

दुसरा कायदा आहे माहितीचा अधिकार, २००५ चा. आपण त्याला अर्ज टाकून माहिती मागायचा कायदा समजतो. पण त्याच्या कलम ४ ची अगदी पहिली ओळ अर्जाबद्दल नाहीच. ती म्हणते, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले सगळे अभिलेख नीट सूचिबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवावेत. आधी दप्तर लावा, मग लोक मागायला येतील. माझ्या मते अख्ख्या कायद्यातली ही सगळ्यात मोलाची ओळ आहे, आणि सगळ्यात कमी पाळली गेलेलीही हीच.

(दृश्य: टेबलावर कागदांचे ढीग. एक हात ते वेगळे करतो आहे.)

दप्तर कसं लावायचं हे आपल्याला माहीत नाही असं कुणी म्हणू नये. महसुलात कुणालाही विचारा, अ, ब, क, ड तोंडपाठ असतं. ‘अ’ म्हणजे कायम जपायचा कागद. ‘ब’ तीस वर्षं. ‘क’मधले काही दहा वर्षं, काही पाच. ‘ड’ वर्षभर, मग नष्ट. प्रकरण निकाली निघालं की त्यावर वर्ग टाकायचा, पानांना नंबर द्यायचे, यादी करायची आणि अभिलेख कक्षात पाठवायचं. टेबलावरच्या कामासाठी सहा गठ्ठे पद्धत आहे. हातातली प्रकरणं वेगळी, कुणाच्या उत्तराची वाट पाहणारी वेगळी, ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं वेगळी, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात जायचे वेगळे आणि ‘ड’चे वेगळे. कारकुनानं आठवड्यातला एखादा तास जरी या सहा गठ्ठ्यांना दिला तरी टेबल मोकळं राहतं.

ऐंशीच्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची बसायची व्यवस्था बदलली, कामं नव्यानं वाटली आणि कागद लावून घेतले. पुढं राज्यभर ‘लखिना पॅटर्न’ म्हणून त्याचं नाव झालं. आजही जुना अव्वल कारकून व्यवस्थित लावलेलं दप्तर पाहिलं की म्हणतो, “लखिना पॅटर्नचं दिसतंय.” चाळीस वर्षांनंतर एखाद्या अधिकाऱ्याचं नाव इमारतीवर नाही, रॅकच्या मांडणीवर राहावं, याहून मोठा मान कोणता?

मग गाडं अडतं कुठं?

माणसापाशी. अभिलेख कक्षात बदली झाली की कचेरीत लोक हळहळतात. बाजूला टाकलं, असं समजतात. जिथं लोकांची वर्दळ, जिथं निर्णय, ती टेबलं मोठी. इथं धूळ, वाळवी आणि शोधून द्यायचं काम. ज्याच्या हाती तालुक्याच्या स्मरणाची किल्ली, त्याला कुणी शिकवत नाही, नावाजतही नाही.

(दृश्य: वृत्तपत्रांतली कात्रणं. मोडी वाचक भिंग धरून बसलेले.)

या कामाची किंमत राज्याला एकदा एकदम कळली. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, मग सगळ्या राज्यासाठी. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही, तो या माहितीपटाचा विषय नाही. दप्तराच्या बाजूनं काय घडलं तेवढं सांगतो. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, नगरपालिका, सगळीकडं रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं तिथं उर्दूतले कागद, आणि शोध थेट हैदराबादपर्यंत. काही महिन्यांत पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती लागल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार पानं चढू लागली.

म्हणजे जागा त्याच होत्या, वह्या त्याच होत्या. शोधायचं ठरवलं तेव्हा आढळून आलं.

आता कुणी म्हणेल, सगळं स्कॅन झालंय, संगणकावर आहे. झालंय, बरंच झालंय. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी पूर्वी तलाठ्याच्या दारात दिवस मोडायचा. पण सातबारा सहज मिळतो तो त्याला गट नंबर आहे म्हणून. जिल्हा, तालुका, गाव, गट, या चार पायऱ्या उतरलं की कागद हातात. कोतवाल बुकाला असा नंबर नाही. त्याचं पान स्कॅन केलं की त्या पानाचा फोटो तयार होतो. त्या फोटोला गावाचं नाव आणि साल नीट लावलं नसेल, तर धुळीतला ढीग पडद्यावर आला, एवढाच फरक.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वर चढली, माणसं गेली, नस्त्यांची, म्हणजे फायलींची, राख झाली. नंतर त्या नस्त्या पुन्हा उभ्या करायचं काम निघालं. अशा कामात पहिला प्रश्न असतो की नेमकं जळलं काय? हे सांगता येण्यासाठीसुद्धा आधी यादी असावी लागते, आणि तीही दुसऱ्या ठिकाणी.

भाचीच्या नोंदीकडं परत येतो.

एका निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी आम्हाला विचारलं, “तुमचं गाव आधी कुठल्या तालुक्यात होतं?” माझ्या ध्यानातच नव्हतं. जून १९९९ मध्ये राज्यात बरेच नवे तालुके झाले, त्यात आमचं गाव नव्या तालुक्यात गेलं. गाव गेलं, जुनं दप्तर मात्र मूळच्या तालुक्यातच राहिलं. आम्ही अर्ज नव्या कचेरीत केला होता. त्यांनी लिहिलेलं अक्षरशः खरं होतं, त्यांच्याकडं आढळून येत नव्हतं. कुठं आढळेल ते सांगायची तसदी मात्र कुणी घेतली नाही.

तसे आम्ही या दाराशी आलो.

(दृश्य: अभिलेखपालांचे हात. रुमालाची गाठ सुटते.)

इथल्या अभिलेखपालांना कचेरीत सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी गावाचं नाव विचारलं, पणजोबांचं नाव विचारलं, आणि भाचीला म्हणाले, “बाळ, आजोबांच्या जन्माचं साल काय सांगतात घरी?”

“नक्की नाही माहीत. मोठ्या पुराच्या आधीचे, एवढंच म्हणतात.”

अण्णा रॅककडं गेले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. शाळेच्या पोरांची असते तशी, वर खाकी पुठ्ठा. आत गाववार पानं, त्यांच्याच अक्षरात. कुठल्या गावाचं कोतवाल बुक, कोणतं साल ते कोणतं साल, कुठल्या रॅकवर, कितव्या रुमालात. कुठली पानं वाळवीनं खाल्लीत, कुठली मोडीत, कुठं दोन गावांच्या वह्या एकत्र शिवल्या गेल्यात. अकरा वर्षं इथं आहेत ते. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांना हेलपाटे नकोत म्हणून दुपारच्या सुट्टीत लिहीत गेले.

बोट फिरलं, थांबलं. शिडी लावली. रुमाल खाली आला, गाठ सुटली, वही उघडली. पाच वर्षांची पानं त्यांनी ओळीनं वाचली, मोडी आणि बाळबोध (देवनागरी) दोन्ही. चाळीसएक मिनिटं गेली असतील. मग त्यांनी पान भाचीकडं फिरवलं. पणजोबांचं नाव, जात, आणि पुढं एकच शब्द: मुलगा.

भाचीनं त्या शब्दावर बोट ठेवलं नाही, पान फाटेल म्हणून. थोडं वरच धरलं. “हे आमचे तात्या?” तिनं विचारलं.

“हो. अजून नाव ठेवलेलं नाही,” अण्णा म्हणाले.

दोन दिवसांनी नक्कल मिळाली. गोल शिक्का, सही, तारीख. पुढं जात पडताळणी समितीचं काम झालं, वैधता मिळाली, प्रवेश मुदतीत झाला. ती आता फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

या चित्रीकरणासाठी परत आलो तेव्हा अण्णांना विचारलं, “या वहीची प्रत कचेरीत आहे का?” ते म्हणाले, “दोनदा टंकून द्यायची तयारी दाखवली. वरून कागद यायचाय म्हणाले.” शेजारच्या टेबलावरचा तरुण लिपिक मोबाइल काढून म्हणाला, “अण्णा, मी फोटो काढून ठेवू का?” अण्णांनी वही त्याच्यापुढं सरकवली. त्यानं सहा पानं काढली, तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं.

(दृश्य: संध्याकाळ. दाराला कुलूप लागतं. अण्णा कचेरीच्या पायऱ्या उतरतात, खांद्यावर कापडी पिशवी.)

अण्णांच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. वही रोज त्यांच्याबरोबर येते आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच घरी जाते.