गाडी उलाळ झालीय

नमस्कार श्रोतेहो. दारातला बर्फ उपसून, कमरेला बाम चोळून रेडिओ लावला असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे. गाडीमागे राहायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडायचा आणि थंडीचे दोन महिने खाली फ्लोरिडात काढायचे, त्याबद्दल. आम्ही मिशिगनमधल्या डेट्रॉईटच्या बाजूचे, त्यामुळे आय-७५ महामार्ग आम्हाला दारातच. वर सू सेंट मरीला सुरू होतो, खाली मायामीपाशी संपतो. एकदा धरला की कुणाला रस्ता विचारायला नको.

आधी पाण्याचं सांगते. नळ गोठून फुटला की घराचं काय होतं हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणून ट्रेलरच्या नळ्यांमधलं पाणी काढून थंडीआधीच गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं औषध, भरून ठेवतो. निघताना ते काढायचं नाही. पुन्हा सांगते, मिशिगनमध्ये काढायचं नाही. रात्रीसुद्धा गोठणार नाही इतक्या खाली पोचलात की मग नळ सुरू करा. तोवर प्यायला, भांड्यांना, संडासाला कॅनमधलं पाणी वापरायचं. हे कॅन लक्षात ठेवा. सगळं रामायण त्यांच्यावरूनच झालं.

आमचं ते पहिलंच वर्ष. सासूबाई कराडजवळच्या आमच्या गावाहून आल्या होत्या. त्यांना कौतुकाने ट्रेलर दाखवला, तर ओट्याकडे बघून म्हणाल्या, "बरं हाय. तांदूळ किती घेतलास?" फ्लोरिडात तांदूळ मिळतो हे त्यांना पटेना. मग ४० पौंडांच्या दोन गोण्या, कणकेची तेवढीच एक, कुकर आणि खलबत्ता. त्यात आमच्या ह्यांनी पाण्याचे पाच-पाच गॅलनचे सहा कॅन भरले. आमच्या ट्रेलरचं स्वयंपाकघर आणि संडास दोन्ही मागच्या टोकाला. ज्याची वस्तू त्याच्या जागी, म्हणून सगळं तिथेच रचलं. छान दिसत होतं.

हल्ली तर ट्रेलरमध्ये विजेची फायरप्लेस बसवून मिळते. थंडीपासून पळायचं आणि शेकोटी बरोबर न्यायची! त्यावर मी एकदा वेगळं बोलणार आहे. असो.

ओहायो सपाट, काही कळलं नाही. सिनसिनाटीचा पूल झाला, केंटकीत मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी टेनेसीत शिरलो. जेलिकोपासून रस्ता डोंगर चढायला लागतो. गाडी मी चालवत होते. हे नकाशा बघतात आणि घाबरतात, हे आमच्यात पहिल्यापासून ठरलेलं आहे. चढ नीट गेला. उतार लागला आणि शेजारून एक अठरा चाकी ट्रक भर्रकन गेला. आरशात बघते तर ट्रेलरची शेपूट डावीकडे. मग उजवीकडे. मग आणखी जास्त डावीकडे. पिकअपची मागची चाकं कुणी उचलून धरल्यासारखी हलकी झाली. हे ओरडले, "ब्रेक! ब्रेक दाब!"

आणि मागच्या सीटवरून सासूबाई, अगदी शांतपणे, "सूनबाई, गाडी उलाळ झालीया."

"आई, आत्ता नको!"

मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गुडघ्यापाशी ट्रेलरच्या ब्रेकचा जो छोटा खटका असतो तो हाताने दाबला. दावं ओढावं तसा ट्रेलर मागून ताणला गेला, आणखी दोनदा हलला आणि रांगेत आला. पुन्हा सांगते, कारण हे ऐकून लक्षात राहायला हवं. शेपूट हलली तर गाडीचा ब्रेक नाही, ट्रेलरचा ब्रेक. पायाने नाही, हाताने.

पायथ्याला कॅरीव्हिल येतं. तिथल्या पेट्रोल पंपावर थांबलो. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. सासूबाई मात्र नऊवारीवर माझं जाडजूड जॅकेट घालून खाली उतरल्या, ट्रेलर गाडीला जोडतात त्या हुकापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "बैलाच्या मानंवर वजनच न्हाई. समदं मागं घातलंय." त्यांच्या माहेरी ऊस वाहायच्या गाड्या. गाडी भरली की भाऊ जू उचलून बघायचा. हलकं लागलं तर मागच्या चार मोळ्या पुढे. नाहीतर गाडी उलाळायची आणि बैल अधांतरी.

आमच्या ह्यांनी सहा महिने व्हिडिओ बघून जे शिकलं होतं ते हेच. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन हुकावर पडायला हवं. आमचा भरलेला ट्रेलर ५,५०० पौंडांचा, म्हणजे हुकावर निदान ५५०. पाण्याचा गॅलन आठ पौंडांहून जड, सहा कॅनचे झाले २५०, वर धान्य. एवढं ओझं पार शेपटीला, मग हुक हलका होणारच. तिथेच, बोचऱ्या वाऱ्यात, कॅन उचलून चाकांच्या पुढे पलंगाखाली सरकवले. तांदूळ पिकअपमध्ये. नॉक्सव्हिलपाशी ट्रकच्या वजनकाट्यावर चढवून बघितलं, हुकावर ६०० भरले. तिथून फ्लोरिडापर्यंत आरशात शेपूट जागच्या जागी.

बाकीचं पटकन. टायरवर खाचा भरपूर दिसतात म्हणून फसू नका, ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो, बाजूवरची तारीख वाचा. फ्लोरिडातल्या स्टेट पार्कांची जागा तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी मिळते, २०२४ पासून आपल्यासारख्यांना १० महिने आधी. म्हणजे जानेवारीची जागा मार्चमध्येच धरा. ब्लू स्प्रिंगला मिळाली तर सोडू नका. झऱ्याचं पाणी बारा महिने ७२ अंश फॅरनहाइट, त्यामुळे थंडीत मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी, नदीतून तिथे येऊन पडतात. सासूबाई काठावर तासभर बसून होत्या. म्हणाल्या, "म्हशी पण आपल्यासारख्याच आल्यात की."

या शनिवारी आम्ही निघतोय. काल रात्री कराडहून फोन आला होता. तब्येत नाही, हवा नाही. पहिला प्रश्न, "पाणी कुठं ठेवलंस?"