जहाजाच्या पोटातलं गोडं पाणी

(लातूर इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. त्यामुळे मी जहाजावर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण जहाज आपल्याला परकं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणचा अकीक आणि तेरचं कापड, मलमल गाड्यांतून भडोच बंदरात येत असे आणि तिथून जहाजांवर चढत असे. तेर म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे आणि त्यावर छपराखाली रांजण मांडलेले दिसतात. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की मी त्या रांजणांपाशी जरा जास्त रेंगाळतो. समुद्रावर निघणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी पाण्याची सोय बघावी लागते, हे ते चित्र पाहिलं की डोक्यात पक्कं बसतं.

गेल्या हिवाळ्यात मुंबईला एक नवंकोरं क्रूझ जहाज आतून पाहायला मिळालं. आपल्या लातूरच्याच कॉलेजात मी शिकवलेला एक मुलगा त्यावर फोर्थ इंजिनिअर आहे. त्याने रीतसर परवानगी काढली, ओळखपत्रं तपासून झाली आणि प्रवासी चढण्याआधीचे काही तास आम्हाला मिळाले.

बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर उभं राहिलं की जहाज म्हणून काही दिसतच नाही. समोर एक पांढरी भिंत उभी असते, तिच्यावर बाल्कन्यांच्या ओळी. टोक बघायला बरंच मागं सरकावं लागतं. ते लाख टनांच्या वरचं आहे असं मला सांगितलं, तेव्हा बरोबरच्यांनी विचारलं, एवढं वजन तरंगतं कसं? तर हा आकडा वजनाचा नाही. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून तो काढतात. त्या हिशेबाने टायटॅनिक सुमारे ४६ हजार टनांचं होतं. फिनलंडच्या तुर्कू गावी बांधलेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळपास अडीच लाख टनांचं आहे. २० डेक म्हणजे मजले, आणि सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० प्रवासी. आम्ही पाहिलेलं जहाज त्याच्या निम्म्याहूनही लहान होतं, तरी ते सगळं फिरून झालं असं मी म्हणू शकत नाही.

आत गेल्यावर आधी वास येतो. नव्या गालिच्याचा, रंगाचा, पॉलिशचा. मग तीन मजली दालन, काचेच्या लिफ्ट, पियानो, झुंबरं. ते सुंदर आहे यात शंका नाही, पण त्याचे फोटो कुठेही बघायला मिळतात. मला लांबलचक बोळ जास्त आवडले. तिथे पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे कळत नाही. म्हणून गालिच्यावर मासे विणलेत, आणि सगळ्या माशांची तोंडं जहाजाच्या पुढच्या बाजूला! ही कल्पना ज्याला सुचली त्याने हरवलेली माणसं जवळून पाहिलेली असणार.

प्रवाशांच्या खोल्या जहाजावर बांधत नाहीत. कारखान्यात पलंग, कपाट, न्हाणीघरासकट अख्खी खोली तयार होते आणि फडताळात डबे सरकवावेत तशी ती जहाजाच्या सांगाड्यात सरकवतात. न्हाणीघरात माझं लक्ष संडासाकडे गेलं. तो विमानातल्यासारखा हवेच्या ओढीवर चालतो, एका वेळी साधारण लिटरभर पाणी घेतो. आपल्या घरचा फ्लश सहा लिटरच्या खाली क्वचितच भागतो.

जीवरक्षक बोटींच्या डेकवर आमचं बोलणं जरा गंभीर झालं. समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली झाला. प्रवाशांना आणीबाणीची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच द्यायची, हा नियम मात्र २०१५ पासून आला, कारण २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याशी ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ कलंडलं तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. सात आखूड भोंगे आणि एक लांब. हा इशारा ऐकला की हातातलं टाकून ठरलेल्या जागी जायचं. जो कुणी कधी जहाजावर जाईल त्याने तेवढी कवायत मनापासून करावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

एवढं झाल्यावर आमचा इंजिनिअर म्हणाला, “सर, वरचं बघून झालं. आता खाली चला, खरं जहाज तिथं आहे.”

एक दार उघडलं आणि गालिचा संपला. लोखंडी जमीन, डोक्यावर रंगांच्या पट्ट्या मारलेले नळ, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेला रुंद रस्ता. त्यावरून भाजीच्या, चादरींच्या, सामानाच्या गाड्या धावत होत्या. हिंदी कानावर पडत होती, मधूनच मराठीही. ही माणसं सहा-सहा, आठ-आठ महिने घरी जात नाहीत. जगभराच्या खलाशांसाठी २०१३ मध्ये लागू झालेल्या करारात २४ तासांतून किमान १० तास विश्रांती सांगितली आहे. म्हणजे एखाद्या दिवशी १४ तास काम नियमात बसतं. मला हे फार वाटतं. वरच्या दालनाचा थाट ज्यांच्या कष्टावर उभा आहे, त्यांचा रस्ता प्रवाशाला एकदा तरी दाखवायला हवा.

इंजिनांविषयी थोडक्यात सांगतो. अशा जहाजावर इंजिन जहाज ढकलणाऱ्या पंख्याला सरळ जोडलेलं नसतं. इंजिनं वीज तयार करतात आणि विजेच्या मोटारी पंखे फिरवतात. मोटार आणि पंखा एकाच कवचात, जहाजाच्या तळाबाहेर, आणि ते कवच पूर्ण गोल फिरू शकतं. त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. क्रूझ जहाजावर ही रचना पहिल्यांदा १९९८ साली ‘इलेशन’वर बसवली.

आणि आता पाणी. यासाठीच मी हे व्याख्यान द्यायचं कबूल केलं.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते काढायच्या दोन रीती या जहाजावर आहेत. पहिली अशी की इंजिन थंड ठेवणारं पाणी तापलेलं असतं, ती उष्णता नाहीतर वायाच जाणार. ती समुद्राचं पाणी भरलेल्या एका बंद पात्रात आणतात आणि पात्रातली हवा ओढून दाब कमी करतात. दाब कमी झाला की पाणी १०० अंशांची वाट बघत नाही, त्याच्या निम्म्या तापमानालाही उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी. दुसरी रीत गावोगावच्या आरओ प्लांटचीच, फक्त दाब कितीतरी जास्त, कारण समुद्राचं पाणी आपल्या बोअरच्या पाण्याहून कैक पट खारं. तयार पाण्याला चव नसते, म्हणून त्यात क्षार घालतात, क्लोरीन देतात, मग ते टाक्यांत जातं.

आम्ही गेलो तेव्हा हा कारखाना बंद होता. बंदरातलं पाणी घाण असतं, त्यापासून पिण्याचं पाणी करत नाहीत. जहाज खुल्या समुद्रात गेलं की तो सुरू होतो. त्यामुळे आमच्या इंजिनिअरला सगळं उघडून, हात लावून दाखवता आलं. त्याच्या टेबलावर एक नोंदवही होती. आज किती पाणी केलं, किती लागलं, कुठल्या टाकीत किती उरलं. हे रोज लिहावं लागतं. नुसत्या पिण्यासाठी नाही. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते कुठल्या बाजूच्या टाकीत आहे त्यावर जहाजाचा तोल ठरतो.

मी ती वही बराच वेळ हातात धरून होतो. या सभागृहातल्या प्रत्येकाला एप्रिल २०१६ आठवत असेल. मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वेगाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींतून २५ लाख लिटर येऊ लागलं. त्याआधी टाक्यांपाशी आणि विहिरींपाशी गर्दी करायला आपल्या शहरात जमावबंदी होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पण त्या वर्षी आपल्या किती बोअर होत्या, त्यांतून किती उपसलं, कोणत्या पिकाला किती गेलं, याची एक वही आपल्याकडे होती का? नव्हती. आजही नाही. पाऊस कमी पडणं आपल्या हातात नाही. वही ठेवणं आपल्या हातात आहे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, हे मी वर्षानुवर्षं म्हणतोय, आणि त्या इंजिन रूममध्ये ते रोज घडतं हे डोळ्यांनी पाहून आलोय.

कुणी म्हणेल, मग समुद्राचं पाणी गोडं करून लातूरला आणा. मला ते पटत नाही. सह्याद्री ओलांडून, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंचावर, शेकडो किलोमीटर पाणी ढकलायला जी वीज लागेल तिचा खर्च आधी मांडा. जहाजाला इंजिनाची उष्णता आयती मिळते आणि समुद्र तळाला लागलेला असतो. आपल्याला दोन्ही नाही.

आणि जहाजाचं सगळंच अनुकरणीय आहे असंही नाही. ते तेल किंवा वायू जाळून चालतं आणि हे पाणीही त्याच इंधनातून येतं. जहाजांच्या प्रदूषणावरच्या जागतिक करारानुसार प्लॅस्टिक समुद्रात टाकायला १९८८च्या अखेरीपासून सर्वत्र बंदी आहे, कच्चं मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आत सोडता येत नाही. पण न्हाणीघराच्या आणि धुण्याच्या सांडपाण्याला त्या जागतिक करारात बंधन नाही. काही देशांनी, बंदरांनी आपापले नियम केलेत, एवढंच. हे बदललं पाहिजे.

आता मुलांच्या चिठ्ठ्या आल्यात, त्यांतला मुख्य प्रश्न घेतो. जहाजावर नोकरी कशी मिळते? मेकॅनिकलची पदवी असेल तर डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेत एक वर्षाचा ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम असतो. आमचा मुलगा त्याच वाटेने गेला. हॉटेल विभागात जायचं तर तुमच्या कामाचं शिक्षण हवंच, शिवाय आग विझवणं, जीव वाचवणं यांचे छोटे कोर्स आणि सीडीसी नावाचं खलाशाचं पुस्तक. एका चिठ्ठीत विचारलंय, मुली जाऊ शकतात का? जाऊ शकतात. राधिका मेनन या भारतीय व्यापारी जहाजाच्या कॅप्टन. वादळात सापडलेल्या सात मच्छीमारांना वाचवल्याबद्दल २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला.

आणि पालकांनो, हे लिहून घ्या. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो, अशा कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. कुणी दोन-चार लाख मागितले तर शेत गहाण टाकू नका, आधी ती यादी बघा. बघता येत नसेल तर माझ्याकडे या. संध्याकाळी मी इथल्याच वाचनालयात असतो, आपण मिळून बघू.