वेशीवरचा ठराव आणि शाळेतली न्हाणी

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय ते आपल्या ग्रामपंचायतीबद्दल. कोरोनाच्या काळातली भाषणं आपण पुष्कळ ऐकली, पंतप्रधानांची ऐकली, मुख्यमंत्र्यांची ऐकली. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत त्या भाषणाचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हे ठरवलं सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशाताई यांनी. त्यांनी काय ठरवलं आणि त्यातलं काय निभावलं, हे थोडं उलगडून पाहू.

२०२० साली ९ मार्चला होळी होती. चाकरमानी शिमग्याला आले, पालखी नाचवली आणि बरेचसे मुंबईला परतले. महिन्याच्या मध्यावर राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला आणि २४ तारखेच्या रात्री देश बंद झाला. मग एप्रिल-मे उजाडला. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं कोंडलेली, हातातलं काम गेलेलं, चाळीत रुग्ण सापडतायत. अशा वेळी माणूस जाणार कुठे? आपल्या घरीच. कोणी ई-पास काढून आलं, कोणी भाजीच्या टेम्पोत लपून आलं, काही जण तर चालत आले. जिल्ह्यांच्या हद्दींवर, कशेडी घाटात आणि खारेपाटणच्या नाक्यावर, रांगा लागल्या. हातावर विलगीकरणाचा शिक्का बसला आणि माणूस गावाच्या वेशीवर येऊन उभा राहिला.

वेशीवर काय होतं? बऱ्याच ठिकाणी आडवा टाकलेला ओंडका होता. 'बाहेरच्यांना गावात प्रवेश बंद' असा फलक होता. आणि ज्याला बाहेरचा म्हटलं, त्याचं नाव सातबाऱ्यावर होतं.

मी त्या गावांना नावं ठेवणार नाही. भीती खरी होती. गावात राहिलेले बहुतेक साठीच्या पुढचे. प्राथमिक आरोग्य केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर, आणि सुरुवातीला तपासणीचे नमुने मिरजेला जायचे, अहवाल यायला दिवस लागायचे. पण ग्रामपंचायतीने ठराव केला म्हणून गावच्याच माणसाला गावात येऊ द्यायचं नाही, असा अधिकार कायद्याने तिला दिलेला नाही. तिच्या हातात होतं ते वेगळंच काम. आलेल्या माणसाला चौदा दिवस कुठे आणि कसं ठेवायचं, याची व्यवस्था करणं. त्यासाठी गावोगाव ग्रामकृती दलं झाली. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, आशाताई, अंगणवाडीसेविका आणि वाडीवाडीचे प्रतिनिधी. आणि जागा कोणती? जिल्हा परिषदेची शाळा.

आता ही शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन नाहीतर तीन खोल्या, पुढे पडवी, मागे मुलांच्या मापाची मुतारी आणि एखादा संडास. न्हाणी नाहीच, कारण शाळेत कोणी आंघोळ करत नाही. महिना मे. कोकणात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे खरं, पण मे महिन्यात खेड, संगमेश्वर, चिपळूणकडच्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. विहिरीचा तळ दिसत असताना शाळेत सात-आठ माणसं येऊन राहिली, तर त्यांना पाणी कोण भरणार? जेवण कोण देणार? ज्याचं घर उघडं आहे त्याचा डबा घरून येईल. पण ज्याच्या घराला दहा वर्षं कुलूप आहे, भावकीत बोलणं नाही, त्याला कोण देणार? बाळंतीण आली तर? मधुमेहाच्या गोळ्या संपल्या तर? रात्री वीज गेली आणि आवारात सापासारखं जनावर निघालं तर?

माझ्या मते ग्रामपंचायतीची खरी परीक्षा या प्रश्नांमध्ये होती, वेशीवरच्या फलकात नव्हती. ज्या गावांनी तट्ट्याची का होईना न्हाणी उभी केली, पाण्याची टाकी ठेवली, बचतगटाच्या बायकांना स्वयंपाकाचं काम दिलं, तिथे माणसं फारशी कुरकूर न करता चौदा दिवस राहिली. जिथे नुसतंच 'शाळेत जा' म्हणून सांगितलं, तिथे माणूस रात्री मागच्या पाणंदीने घरी जाऊन आंघोळ करून येई. मग त्याच्या नावाने शिमगा. चूक त्याचीच, पण त्याने करायचं तरी काय होतं?

हे फक्त खेड्याचं नाही. धारावी घ्या. अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेरचा परिसर, लोकवस्ती आठ ते दहा लाख. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा आता काय होणार म्हणून सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. 'घरात थांबा, अंतर ठेवा' हे तिथे कोणाला सांगणार? बहुतेक वस्ती सार्वजनिक शौचालय वापरणारी. मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने ती शौचालयं दिवसातून अनेक वेळा निर्जंतुक करायला घेतली, खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघरी तपासणी केली, शाळा, मंगल कार्यालयं आणि क्रीडा संकुल ताब्यात घेऊन तिथे संशयितांची राहण्या-जेवण्याची सोय लावली. घरात राहून अंतर पाळता येत नाही, पण बाहेर बरी जागा आणि दोन वेळचं जेवण मिळतंय म्हटल्यावर लोक गेले. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणणाऱ्यांची उदाहरणं देताना धारावीचं नाव घेतलं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे, फक्त जुनं. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये नगरपालिका बाजूला राहिली आणि रँडच्या प्लेग समितीच्या हाती कारभार गेला. गोरे सैनिक घरात शिरायचे, माणसं उचलून छावणीत न्यायचे. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवायला लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या, आणि १० मार्च १८९७ ला त्यांना त्याच प्लेगने नेलं. साथ तीच, पण एकीकडून माणूस पळत होता आणि दुसरीकडे आपणहून येत होता.

असो. पुन्हा कोकणात येऊ, कारण आपल्याकडे साथ एकटी आली नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, शाळांचेही उडाले. वादळात किनाऱ्यावरच्या लोकांना हलवायचं ते शाळेत, आणि शाळेत आधीच विलगीकरणातली माणसं. विजेचे खांब पडल्यामुळे काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. वीज नाही म्हणजे नळपाणी योजनेचा पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे हात धुवायलाही पाणी नाही. नुकसानीचे पंचनामे करणारे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचीच नावं कोरोनाच्या ड्युटीच्या यादीतही. त्या जूनमध्ये या तीन माणसांनी काय केलं असेल, याचा हिशेब कुठे मांडलेला मला दिसला नाही.

पैशांचं काय? ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि ती वसुली तर त्या वर्षी ठप्पच होती. आंब्याचा हंगाम तेवढा एसटीच्या मालगाड्यांनी आणि मुंबईतल्या सोसायट्यांना थेट विक्री करून कसाबसा वाचला. वित्त आयोगाचा निधी होता, पण त्याच्यावर सरकारचेही डोळे होते. त्या निधीवरचं व्याज ग्रामपंचायतींकडून मागवून त्यातून आर्सेनिक अल्बम या होमिओपॅथीच्या गोळ्या गावोगाव वाटायचं राज्य पातळीवर ठरलं. या गोळ्या कोरोनाला रोखतात याला ठोस पुरावा नव्हता. त्याच पैशांतून शाळांना न्हाण्या झाल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी आपल्या शाळेच्या मागे जाऊन बघावं.

मग आला गणपती. २२ ऑगस्टला चतुर्थी. कोकणी माणूस वर्षभराची रजा साठवतो ती या दिवसांसाठी, आणि गावात त्याच वेळी ठराव सुरू झाले. चाकरमान्यांनी ७ तारखेच्या आत यावं, चौदा दिवस क्वारंटाईन राहावं, नाहीतर दंड. कोणत्या गावाने किती दंड लावायचा याला धरबंध राहिला नाही. मुंबईकर म्हणू लागले, 'आमच्याच पैशांवर देवळाचा जीर्णोद्धार केलात, आणि आता आम्हीच नकोसे झालो?' गावकरी म्हणू लागले, 'तुमचे आईवडील आम्हीच सांभाळतोय.' खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला सरकारने मध्यस्थी केली. विलगीकरण दहा दिवसांवर आणलं, १२ ऑगस्टपर्यंत येणाऱ्यांसाठी एसटी सोडल्या, एका गाडीत बावीस प्रवासी, एसटीने येणाऱ्याला ई-पासची गरज नाही. त्यानंतर येणाऱ्याने तपासणी करून यायचं. निर्णय बरा होता, पण उशिरा झाला. तोवर कित्येकांनी गणपती भटजींकडून नाहीतर शेजाऱ्यांकडून बसवून घ्यायचं ठरवून टाकलं होतं.

ग्रामकृती दलांबद्दल एक कडवट गोष्टही सांगायला हवी. काही ठिकाणी या दलाने भावकीतले जुने हिशेब चुकते केले. ज्याच्याशी बांधावरून वाद, त्याच्याच मुलाला शाळेत. जवळच्याचा जावई मात्र थेट घरी. अधिकार दिला, पण तो कसा वापरायचा याचं प्रशिक्षण कोणी दिलं नाही, आणि दाद मागायची तर कोणाकडे तेही सांगितलं नाही.

आणि आशाताई. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. घरोघर जाऊन ताप मोजायचा, ऑक्सिजन बघायचा, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचा तक्ता भरायचा, आणि 'तूच आजार घेऊन येतेस' हेही ऐकून घ्यायचं. कोरोनाच्या कामाचा केंद्राचा भत्ता महिन्याला एक हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस-चौतीस. जून २०२१ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा 'ऐन साथीत संप?' असं विचारणारे पुष्कळ भेटले. ऐन साथीत इतक्या पैशांत काम कसं करून घेतलं, असं विचारणारे कमी.

दुसऱ्या लाटेआधी एक घडामोड झाली. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची मुदत साथीच्या काळातच संपत होती. तिथे काही महिने प्रशासक होते, बहुतेक पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, आणि एकेकाकडे अनेक गावं. गावाला विचारायचं कोणाला, हेच कळेना. अखेर १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं. त्यातून सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या घाटणे गावाला ऋतुराज देशमुख हा एकवीस वर्षांचा सरपंच मिळाला. एप्रिल-मे मध्ये त्याने गाव कोरोनामुक्त केलं आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आपल्या भाषणात त्याचा उल्लेख केला. त्याच सुमारास पोपटराव पवारांचं हिवरे बाजारही कोरोनामुक्त झालं. त्यांची पद्धत ऐकायला साधी आहे. लक्षण दिसलं की वाट न बघता वेगळं करायचं, घरोघर तपासणी, आणि आजारी माणसाच्या शेताची, जनावरांची काळजी गावाने घ्यायची. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाईचं दूध कोण काढणार, ही चिंता असलेला माणूस ताप लपवणारच.

मे २०२१ मध्ये सरकारने आपल्या रत्नागिरीसह काही जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद करायचं ठरवलं, कारण छोट्या घरात एकाच न्हाणीत सगळं कुटुंब बाधित होत होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ठरावीक मर्यादेत तीस खाटांचा कक्ष उभारायला ग्रामपंचायतींना परवानगीही मिळाली. पुढे कोरोनामुक्त गाव स्पर्धा निघाली, विभागात पहिलं बक्षीस पन्नास लाखांचं. वर्षभरापूर्वी यातला दहावा हिस्सा मिळाला असता तर, असं कितीतरी सरपंचांच्या मनात आलं असेल.

श्रोतेहो, शाळा आता पुन्हा शाळा झाल्यात, काही तर पटसंख्या नाही म्हणून बंदच पडल्यात. त्या काळातली ग्रामकृती दलाची वही, कोण कधी आलं, कुठे राहिलं, खर्च किती झाला, ही ग्रामपंचायतीच्या कपाटात असायला हवी. बघायला मागा. दरवर्षी 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा होतो, त्यासाठी ग्रामसभा होते. आपल्या शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात दोन न्हाण्या, दोन मोठ्या माणसांच्या मापाचे संडास आणि विजेवर न चालणारी पाण्याची सोय, एवढं त्या आराखड्यात घालायचं असेल तर लेखी अर्ज ग्रामसेवकांकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, सभेच्या आधी द्या आणि पोच घ्या. वादळ आलं तरी ती जागा उपयोगी पडेल. आणि मुंबईकर मंडळींनो, तुम्ही गणपतीला आलात की वाडीची बैठक होतेच, तिथे वर्गणीच्या विषयाआधी हा विषय काढा.

नमस्कार.