वेड्याचं घर

(बसच्या खिडकीतून बुलेव्हार मिशले हा रस्ता. झाडांमागून इमारतीची कड दिसू लागते.)

मार्सेय. आपल्या जुन्या पुस्तकांतलं मार्सेलिस. नाव ऐकलं की मराठी माणसाला बंदर आठवतं, आणि १९१० साली सावरकरांनी बोटीतून मारलेली उडी. ते बंदर उत्तरेला राहिलं. आपण आलोय शहराच्या दक्षिणेला, फुटबॉलचं स्टेडियम मागे टाकून, झाडीआडच्या या भिंतीपाशी.

ही एक निवासी इमारत. लांबी १३७ मीटर, उंची ५६. आत ३३७ घरं. वास्तुकार ल कार्बुझिए, काळ १९४७ ते १९५२. कागदोपत्री नाव ‘युनिते दाबितासिओं’, म्हणजे राहण्याचं एकक. गावाने ठेवलेलं नाव मात्र ‘मेझों द्यु फादा’. फादा म्हणजे इथल्या बोलीत खुळा, चक्रम.

(खांबांचा क्लोजअप. ऊन तिरपं.)

खांबाजवळ या. अजून जवळ. लाकडाच्या रेषा दिसतायत? ही गाठ बघा, हा दोन फळ्यांमधला सांधा. आणि हात लावला तर गार, खरखरीत काँक्रीट.

आधी सांगाडा पोलादाचा करायचा विचार होता. युद्ध नुकतंच संपलेलं, पोलाद मिळेना. मग काँक्रीट. शटरिंगच्या फळ्या उभ्या केल्या, माल ओतला, फळ्या काढल्या, आणि लाकूड जसंच्या तसं काँक्रीटवर उमटलं. कुठे रेघ वाकडी, कुठे कडा तुटलेली. गिलावा मारून हे सगळं सहज लपवता आलं असतं. लपवलं नाही. याला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘बेतों ब्रुत’, उघडं काँक्रीट. पुढे ज्या शैलीला जग ब्रूटॅलिझम म्हणू लागलं, तिचं नाव या शब्दाशी जोडलेलं आहे. काँक्रीट म्हणजे निर्जीव, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला या खांबाजवळ पाच मिनिटं उभं करावं, असं मला फार वाटतं.

(उत्तरेची कोरी भिंत, खालून वर.)

ही बाजू उत्तरेची. एकही खिडकी नाही. मिस्त्राल नावाचा बोचरा वारा इकडूनच येतो.

(आतली लांब, अंधारी मार्गिका. रंगीत दारं.)

आतला हा रस्ता. हो, रस्ताच म्हणतात याला. असा रस्ता दर तीन मजल्यांमागे एक. कारण घरं एकमेकांत अडकवलेली आहेत. एक दारातून वर चढतं, समोरचं खाली उतरतं, आणि दोन्ही पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार जातात. दोन्हीकडे सज्जा, दोन्हीकडे उजेड.

(छेदचित्र.)

रचना बाटल्यांच्या कप्प्यांसारखी. सांगाडा वेगळा, घर वेगळं, आणि शेजारचा आवाज येऊ नये म्हणून मध्ये शिशाचे तुकडे. मापं सगळी माणसाच्या शरीरावरून: १.८३ मीटर उंचीचा माणूस, त्याने हात वर केला की २.२६. तेवढीच छताची उंची. मुलांच्या दोन अरुंद खोल्यांमध्ये सरकती भिंत, आणि तिच्यावर खडूने लिहायचा फळा. स्वयंपाकघराच्या रचनेत डिझायनर शार्लोत पेरियां यांचा हात होता.

कॅमेरा इथे दाराशीच थांबला. आत माणसं राहतात; कुणाच्या तरी जेवणाचा वास या दाराखालून येत होता, तो काही चित्रित करता येत नाही. पाहुण्यांसाठी इमारतीतच हॉटेल आहे, आणि जतन केलेलं घर गाइडसोबत पाहता येतं.

इमारतीच्या आतच दुकानांचाही एक रस्ता आहे; तिथे आता दुकानं थोडी, कार्यालयं जास्त. घरं सरकारने बांधली होती युद्धात बेघर झालेल्यांसाठी. पुढे ती विकली गेली. याच नमुन्यावर जगभर उभ्या राहिलेल्या स्वस्त नकला लोकांना रुचल्या नाहीत, तेही खरं. २०१२ मध्ये आग लागून काही घरांचं नुकसान झालं. २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली, ल कार्बुझिए यांच्याच चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलासोबत, एकाच नोंदीत.

(लिफ्टचं दार उघडतं. एकदम प्रकाश.)

गच्ची.

हवा बाहेर सोडणाऱ्या या चिमण्या बघा, फुलदाणीसारख्या फुगलेल्या. मुलांसाठी उथळ तलाव. धावायची वाट. व्यायामशाळेच्या जागी २०१३ पासून कलादालन आहे. ही बालवाडी अजूनही भरते. विमानातळ नाही, मॉल नाही, ही एका निवासी इमारतीची गच्ची आहे, आणि सगळ्यांची आहे.

कठडा मुद्दाम उंच ठेवलाय. खालचा रस्ता, गाड्या, सिग्नल, काही दिसत नाही. दिसतात ते डोंगर, आणि त्या बाजूला समुद्र.

(इथून पुढे निवेदन नाही. चिमणीची सावली तलावावर सरकते. वारा.)