खोलीत वितळलेलं मीठ

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या जेवणातलं मीठ वितळवायचं तर ते ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. तव्यावर ते तडतडेल, वितळणार नाही. पण १९१४ साली रसायनशास्त्रज्ञ पाउल वाल्डेन यांनी इथिलअमोनियम नायट्रेट या क्षाराची नोंद केली, तो वितळतो अवघ्या १२ अंशांना. पाण्याचा थेंब नाही, नुसता क्षार, आणि तरी पातळ! अशा क्षारांना आज आयनी द्रव म्हणतात, कारण ते नुसत्या आयनांचे, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचे, बनलेले असतात.

मला सांगायचं आहे ते इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या कामाबद्दल. प्राध्यापक अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दोन पांढऱ्या भुकट्यांच्या मिश्रणाचे गुणधर्म मांडले. एक कोलीन क्लोराईड, जे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. दुसरा युरिया, शेतकरी श्रोत्यांना त्याची ओळख मी काय करून द्यायची! पहिला वितळतो ३०२ अंशांना, दुसरा १३३ ला. पण एकास दोन रेणू या प्रमाणात घेऊन गरम करत ढवळत राहिलं की भुकटी आधी ओलसर होते, मग तिचा गोळा होतो, कडेनं पाझर फुटतो आणि शेवटी चंचुपात्रात उरतो काचेसारखा नितळ पाक. तो गोठतो, योगायोगानं पुन्हा, १२ अंशांच्या आसपास. युरिया क्लोराईडला धरून ठेवतो, कोलीनचा आयन मोठा नि बेढब, त्यामुळे विटांसारखे थर बसतच नाहीत. काटेकोर बोलायचं तर युरियावर विद्युतभार नसल्यानं हा आयनी द्रव नव्हे, त्याचा चुलतभाऊ.

आता यात वीज सोडायची. विजेनं धातूचा थर चढवतात त्या, म्हणजे प्लेटिंगच्या शॉपमध्ये काम केलेल्यांना क्रोमच्या टाकीवरचा वास आठवेल. तिथे बरीचशी वीज पाणी फोडण्यातच खर्ची पडते. हायड्रोजनचे बुडबुडे फुटतात आणि क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडतात. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं संयुजा सहा असलेलं रूप, फुप्फुसाचा कर्करोग करतं. त्या टाकीशी रोज आठ तास उभा राहणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. लेस्टरच्या गटानं पुढे कोलीन क्लोराईडमध्ये त्रिसंयुजी, म्हणजे संयुजा तीन असलेल्या, क्रोमियमचा क्षार मिसळला, आणि त्या पातळ मिश्रणातून क्रोमचा थर चढवून दाखवला. त्रिसंयुजी क्रोमियम कितीतरी कमी घातक आहे. मला हे काम मोलाचं वाटतं ते यासाठी.

एक अडचण मात्र आहे. युरियाचा पाक घट्ट असतो, त्यातून आयन रखडत चालतात आणि वीज मंद वाहते. मग युरियाच्या जागी त्यांनी इथिलिन ग्लायकॉल घेतलं, गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच. द्रव बराच पातळ झाला. त्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा बुडवून वीज सोडली, की पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे विरघळतात आणि स्टील चकाकू लागतं. याच कामासाठी एरवी फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाची टाकी भरावी लागते.

नमस्कार.