म्यूकरच्या कुरणांतून, एकामागोमाग एक

(दृश्य: घाट उतरणारी कॅम्परव्हॅन, खाली हिरवे खोरे)

बटरटब्जचा घाट ओलांडून गाडी उत्तरेकडे उतरू लागली की उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानातले स्वेलडेल हे खोरे नजरेस पडते. शनिवार-रविवारच्या या सहलीसाठी आम्ही मुद्दाम जूनची अखेर निवडली, कारण इथली गवताची कुरणे याच दिवसांत फुललेली असतात आणि जुलैच्या मध्यानंतर त्यांची कापणी सुरू होते. व्हॅन एका शेतावरील तळावर लावली आणि पुढची वाट पायी धरली.

(दृश्य: म्यूकर गाव, दगडी गडग्यातील अरुंद फट)

म्यूकर गावातून निघालेली पायवाट थेट शेतांत शिरते. शेते खासगी आहेत, परंतु ही नोंदलेली सार्वजनिक पायवाट असल्यामुळे तिच्यावरून चालण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. चुना किंवा सिमेंट न वापरता नुसते दगड बसवून रचलेल्या या गडग्यांत जागोजागी एवढीच फट ठेवलेली आहे, की माणूस अंग चोरून पलीकडे जातो, मेंढी मात्र अडते. पायांखाली फरशा आहेत आणि एकामागोमाग एक चालण्याची विनंती करणारी पाटी आहे. ती विनंती मनापासून पाळावी, कारण दोन्ही बाजूंना उभे असलेले गवत ही जनावरांची हिवाळ्याची बेगमी आहे आणि तुडवलेले गवत नीट कापता येत नाही.

(दृश्य: फुलांची जवळून घेतलेली चित्रे)

पिवळे बटरकप, जांभळट वुड क्रेन्सबिल, लाल क्लोव्हर आणि त्यांच्यामध्ये बुटके, पिवळ्या फुलांचे यलो रॅटल. या शेवटच्या झाडाकडे थांबून पाहायला हवे. त्याची मुळे शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून त्यांतून पाणी आणि अन्न ओढून घेतात. त्यामुळे गवताचा जोर ओसरतो आणि इतर फुलझाडांना उजेड व जागा मिळते. त्याच्या वाळलेल्या बोंडांत बिया खुळखुळू लागल्या की गवत कापणीला आले, असे जुने शेतकरी मानीत.

ही फुले रानात आपोआप उगवलेली नाहीत; ती शेतीच्या एका जुन्या शिस्तीतून टिकलेली आहेत. वसंतात मेंढ्या बाहेर काढून कुरण बंद करायचे, बी पिकून गळू लागेपर्यंत कापणीला हात लावायचा नाही, कापलेले गवत उन्हात उलटसुलट करून वाळवायचे आणि मग उरलेल्या खुंटांवर पुन्हा जनावरे सोडायची.

(दृश्य: कुरणातील दगडी गोठा, आतून आणि बाहेरून)

जवळजवळ प्रत्येक कुरणात दिसणारा हा एकाकी दगडी गोठा त्याच शिस्तीचा भाग होता. वर माळ्यावर वाळलेले गवत भरायचे, खाली हिवाळाभर गाई बांधायच्या, आणि त्यांचे शेण त्याच जमिनीवर पसरायचे. चारा घरापर्यंत वाहून नेण्याचे कष्ट वाचत आणि जमिनीतून घेतलेले बरेचसे जमिनीतच परत जाई. इतकी काटेकोर व्यवस्था ज्यांनी उभारली, त्या माणसांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

(दृश्य: खोऱ्याचे विस्तृत दृश्य)

रासायनिक खत पडले की गवत माजते आणि फुलझाडे त्याखाली गुदमरतात. मुरघासासाठी, म्हणजे ओलेच मुरवून साठवायच्या चाऱ्यासाठी, गवत लवकर कापले की बी धरायला अवधीच उरत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील फुलांनी भरलेली सुमारे 97 टक्के कुरणे 1930 च्या दशकापासून नष्ट झाली.

(दृश्य: स्वेल नदीवरील पादचारी पूल, वर केल्डकडे जाणारी वाट)

कुरणे संपतात तिथे स्वेल नदी लागते. पूल ओलांडून डावीकडे वळले की वाट नदीकाठाने केल्ड गावाकडे चढते आणि वाटेत शिशाच्या जुन्या खाणींचे अवशेष दिसतात.

(दृश्य: परतीची वाट, कुरणाच्या कडेचे गवत)

गेलेली कुरणे पुन्हा उभी करण्याचे काम आता अनेक ठिकाणी चालू आहे. त्यासाठी फुलांनी भरलेल्या जुन्या कुरणातील गवत बियांसकट हिरवेच कापून, शक्यतो त्याच दिवशी, दुसऱ्या शेतातील मोकळ्या केलेल्या मातीवर पसरतात. असे बी पुरवू शकणारी कुरणे फार थोडी उरली आहेत, आणि म्यूकरची ही शेते त्यांच्यापैकी आहेत.