वर्कशॉपला हवी स्वतःची लाईन

नमस्कार, श्रोतेहो.

घरातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये छोटंसं वर्कशॉप उभारावं, असं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. ड्रिल, ग्राइंडर, चक्री करवत, जमलं तर एखादा लहान लेथ. यंत्रं निवडताना आपण खूप चौकशी करतो, पण वीज मात्र शेजारच्या खोलीतल्या सॉकेटवरून एक्स्टेंशन बोर्ड लावून ओढतो. आज मी बोलणार आहे ते या ओढून आणलेल्या विजेबद्दल.

"बोर्डावर एमसीबी आहे, काही झालं तर ती पडेल," असं आपण सहज म्हणतो. पण एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच, असते वायर जळू नये म्हणून. 16 अँपिअरची एमसीबी 16 अँपिअर करंट खुशाल जाऊ देते. माणसाच्या छातीतून 50 मिलिअँपिअरच्या आसपास करंट सेकंदभराहून जास्त वाहिला, तरी हृदयाची लय बिघडू शकते. हा त्या 16 अँपिअरचा तीनशेवा भागही नाही.

मग अर्थिंग? ते हवंच, पण नुसतं जमिनीत रॉड ठोकून भागत नाही. पुरवठा 230 व्होल्टचा आहे आणि रॉडचा जमिनीशी रोध 20 ओहम आहे असं धरा. यंत्राच्या आत फेजची वायर सोलली जाऊन लोखंडी बॉडीला टेकली, तर अर्थमधून साडेअकरा अँपिअर वाहतील. 16 अँपिअरची एमसीबी पडणारच नाही! यंत्राची बॉडी तशीच जिवंत राहील आणि तुमचा हात तिच्यावर असेल. म्हणून वर्कशॉपच्या लाईनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, हे ती सतत ताडून पाहते आणि फरक पडला की सेकंदाच्या काही दशांशात पुरवठा तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर तिला काहीच कळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि सॉकेटमध्ये अर्थची वायर आलेली नाही म्हणून अर्थ आणि न्यूट्रल आतल्या आत जोडून देणारे लोक आहेत. कृपा करून हे कोणालाही करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर यंत्राची बॉडी थेट फेजवर येते.

आता मोटारीकडे वळू. दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार चालताना साधारण 8 अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणजे 48 अँपिअरच्या घरात. वर्कशॉप मेन बोर्डापासून 20 मीटरवर आहे आणि तांब्याची वायर दीड स्क्वेअर एमएमची आहे, तर जाऊन-येऊन 40 मीटरमध्ये सुमारे 23 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मोटार कण्हत उठते, तापते. तीच वायर 4 स्क्वेअर एमएमची घेतली तर घट 9 व्होल्टवर येते. म्हणून मेन बोर्डापासून वेगळी, जाड लाईन आणि वर्कशॉपमध्ये स्वतंत्र डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड. एमसीबी मोटारीसाठी सी प्रकारची घ्या. बी प्रकारची सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकते.

दिव्यांचं सर्किट निराळं ठेवा. करवत फिरत असताना एमसीबी पडली आणि अंधारही झाला, तर पातं थांबेपर्यंत तुमची बोटं नेमकी कुठे आहेत ते दिसणार नाही. करवतीला नो-व्होल्ट रिलीजचा, म्हणजे वीज जाताच बंद होऊन पुन्हा बटण दाबेपर्यंत बंदच राहणारा, स्टार्टर असलाच पाहिजे. नाहीतर गेलेली वीज परत येते आणि पातं आपोआप फिरू लागतं.

राहिला नियमांचा भाग. नवी लाईन कोणी टाकायची आणि कोणी तपासायची, हे नियम ठिकठिकाणी वेगवेगळे आहेत. तुमच्या वीजपुरवठादाराकडे आधीच विचारा, वाढणारा लोडही कळवा. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. भिंत बुजवण्याआधी तपासणाऱ्याला बोलावून पाईप आणि जोड दाखवा, कारण प्लास्टर झाल्यावर ते कोणालाच दिसत नाहीत. लाईन चालू करण्याआधी 500 व्होल्टवर इन्सुलेशनची चाचणी करायला लावा; आंतरराष्ट्रीय मानकानुसार रीडिंग किमान 1 मेगाओहम हवं. अर्थचा रोध आणि आरसीसीबी किती वेळात पडते, हेही मोजून लिहून घ्या आणि तो कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवा. पुढे कोणी लाईन वाढवायला आला, की त्याला आधी तोच वाचायला द्या.

नमस्कार.